तुमचे प्रश्न: हॉर्न म्हणजे आमेन, मग पेल्याचं काय?

मागच्या वेळी इथल्या लुथरन चर्चच्या तळघरातली कॉफी आणि बटाट्याची हॉटडिश यांवर लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक सगळी लॉकडाऊनची! नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली, लग्नानंतर मिनेसोटात आले आणि इथल्या एका लुथरन मंडळीत, म्हणजे मार्टिन लूथरच्या शिकवणीतून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या एका चर्चच्या समुदायात, रमले. तिथं मी वेदीची तयारी करणाऱ्या बायकांच्या गटात आहे, म्हणजे प्रभुभोजनाचे (येशूच्या शेवटच्या जेवणावरून आलेला, भाकर आणि द्राक्षारस म्हणजे वाइन घेण्याचा विधी) पेले भरायचे, धुवायचे, वेदीवरची कापडं इस्त्री करायची. पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही, तेव्हा काही चुकलं तर हक्कानं कळवा.

प्रश्न: ताई, 2020 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलाकडे मिनियापोलिसजवळ गेलो ते अडकलोच, ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या विमानानं परत आलो. मुलाच्या घरासमोर एक लुथरन चर्च आहे. जूनमध्ये दर रविवारी तिथल्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीनं येऊन उभ्या राहायच्या, कोणी उतरायचं नाही, आणि मधेच सगळ्या मिळून हॉर्न वाजवायच्या. आम्हाला वाटलं मोर्चा आहे. काय होतं ते? (एक वाचक, कोथरूड)

मोर्चा नव्हता हो काकू. पण तुम्हाला तसं वाटलं यात नवल नाही, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतर त्या जूनमध्ये मिनियापोलिसमध्ये मोर्चे निघतच होते. तुम्ही बघितली ती उपासना, आणि हॉर्न म्हणजे आमेन. आमच्याकडेही हेच चालायचं. पाळकबाई एका ट्रेलरवर उभ्या, समोर माइक, माइकला जोडलेला एक छोटासा एफएम ट्रान्समीटर, आणि गाडीत बसून रेडिओवर तो नंबर लावायचा की झालं. इतक्या कमी ताकदीचा ट्रान्समीटर इथं लायसन्सशिवाय चालतो पण त्याची पोच साधारण 200 फूट, त्यामुळं मागच्या रांगेतल्या लोकांना पश्चात्तापाच्या प्रार्थनेत मधेच कुठलं तरी कंट्री म्युझिक ऐकू यायचं. एका आजोबांनी पूर्ण तासभर एसी आणि रेडिओ चालू ठेवला आणि बॅटरी उतरली, मग आशीर्वादानंतर जंपर केबल. पोरं मात्र खूश, चर्चमध्ये जोरात आवाज करायला परवानगी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

पण पार्किंगपर्यंत पोचायच्या आधीचे तीन महिने तुम्ही खिडकीतून बघितले नाहीत, ते सांगते. 8 मार्चच्या रविवारी आम्ही फक्त हात मिळवणं बंद केलं, 'शांती असो' म्हणताना कोपराला कोपर लावून हसत होतो, आणि पुढच्या रविवारी दाराला कुलूप. मग झूम. फुकटच्या झूमला 40 मिनिटांची मर्यादा, आणि आमचं प्रवचन काही मर्यादेत राहणारं नाही, त्यामुळं पहिल्या आठवड्यात आशीर्वाद सुरू झाला आणि "प्रभू तुझं..." एवढ्यावर स्क्रीन काळी. दुसरी गंमत म्हणजे झूमवर आवाज मागेपुढे पोचतो ना, त्यामुळं प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी एकत्र म्हणायला घेतली की कोणी 'आमच्या स्वर्गातील पित्या'वर, कोणी 'रोजची भाकर'वर, आणि त्यात माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या (म्यूट करायचं विसरले होते). शेवटी पाळकबाई एकट्या म्हणायच्या आणि बाकी सगळे म्यूट, नुसते ओठ हलताना दिसायचे. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं ते म्हातारे लोक साध्या फोनवरून नंबर लावून ऐकायचे, त्यांना उपासनेचा कागद आणि गीतं आदल्या आठवड्यात पोस्टानं जायची. लिफाफे भरायचं काम आमच्या गटाकडे, कारण पेले भरायचं काम बंद पडलं होतं.

ईस्टर 12 एप्रिलला होता आणि त्या दिवशी इथं चांगला बर्फ पडला. तेवढं बरं झालं, असं तरी वाटलं की नाहीतरी घरातच बसलो असतो.

प्रश्न: लॉकडाऊनमध्ये उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी आमच्या पाळकसाहेबांनी व्हिडिओवरून प्रभुभोजन दिलं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी चपाती आणि काळ्या मनुकांचं पाणी घेतलं. माझ्या सासऱ्यांनी घेतलंच नाही, म्हणाले हे खरं नव्हे. आजही घरात हा विषय निघाला की वाद. तुमच्या लुथरन लोकांनी काय केलं? (एक बहीण, नगर)

अगं, तुझे सासरे न कळत लुथरन निघाले बघ!

आपल्याकडच्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत भाकर आणि द्राक्षारस म्हणजे प्रभूची आठवण, असं मानतात. लुथरन तिथं अडून बसतात. त्यांचं म्हणणं, ख्रिस्त खरोखर तिथं आहे, भाकरीत, भाकरीसोबत, भाकरीखाली, कसं ते विचारू नका. 1529 मध्ये जर्मनीत मारबुर्गला लूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंगली यांची याच मुद्द्यावर बैठक झाली, तेव्हा लूथरनं टेबलावर खडूनं 'हे माझं शरीर आहे' असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि शेवटपर्यंत त्या वाक्यावरून हलला नाही, असं सांगतात. बाकी बहुतेक मुद्दे जुळले, एवढ्या एकावरून दोघं वेगळे झाले ते झालेच. आता सांग, ज्या लोकांचा सगळा भर 'आहे' या एका शब्दावर, त्यांना 'आहे, पण स्क्रीनपलीकडे' हे कसं पचणार?

त्यात 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे लुथरन श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, चर्चची व्याख्याच अशी की जिथं शुभवर्तमान (येशूचा संदेश) नीट शिकवलं जातं आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) नीट दिले जातात अशी जमलेली मंडळी म्हणजे चर्च. आता झूमवर जमलेली मंडळी ही जमलेली धरायची का? यावर इथं जे वाद झाले ते विचारू नकोस. एक बाजू म्हणायची, देवाच्या शब्दात ताकद आहे, तर तो शब्द केबलमधून गेला म्हणून त्याची ताकद कमी होते का, आणि एकटी राहणारी म्हातारी बाई काय महिनोन्महिने उपाशी ठेवायची? दुसरी बाजू म्हणायची, पाळकानं कुठल्या भाकरीवर शब्द उच्चारले हे पाळकालाच माहीत नसेल तर तो संस्कार झाला की नाही याची खात्री कोण देणार, आणि ज्यात खात्री नाही ते लोकांना देऊ नये. मिसूरी सिनड म्हणून जी जास्त कडक लुथरन संस्था आहे तिच्या धर्मशास्त्र समितीनं मार्च 2020 मध्येच कळवलं की ऑनलाइन प्रभुभोजन नको. आमची ईएलसीए (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका), ही तुलनेनं मोकळी, तरी सुरुवातीला शिकागोच्या ऑफिसचाही सूर तोच की घाई करू नका, सध्या वचनाची उपासना (नुसतं वाचन, प्रवचन, प्रार्थना) करा, भोजनाचा उपवास समजा. पण ईएलसीएचे तेव्हा 65 सिनड, म्हणजे इथं विभाग, प्रत्येकाचा बिशप वेगळा, त्यामुळं पुढं काही ठिकाणी घरी भाकर घेऊन बसायला हो म्हटलं गेलं आणि काही ठिकाणी नाही. म्हणजे एकाच संस्थेत, एकाच रविवारी, एका गावात उपवास आणि शेजारच्या गावात भोजन!

आमच्याकडे मार्च ते जुलै काहीच नव्हतं. मला त्याचं एवढं काही वाटेल असं वाटलं नव्हतं. एका शनिवारी फुलझाडांना पाणी घालायला चर्चमध्ये गेले होते, तर कपाटात ते ट्रे दिसले, एका ट्रेमध्ये 40 छोटे ग्लास, अंगठ्याएवढे, सगळे पालथे, आणि शेजारी रबरी फुग्याची ती नळी जिनं आम्ही एकेक थेंब न सांडता भरतो. नळीच्या तोंडाशी मार्चमधला द्राक्षारस सुकून काळा झाला होता. शेवटच्या रविवारी घाईत कोणीतरी (मीच) ती धुवायची राहून गेली. मी तिथंच सिंकपाशी उभी राहून ती कोमट पाण्यात भिजवली, पिना घालून साफ केली, आणि चक्क रडले.

तर माझं मत विचारतेस म्हणून, मला स्वतःला उपवासच बरा वाटला, निदान जे नाही ते नाही हे कळत होतं. पण तुमच्या पाळकसाहेबांनी केलं ते कुणाला उपाशी ठेवायचं नाही म्हणून केलं, त्यांनाही मी खोटं म्हणणार नाही. सासऱ्यांना मात्र मारबुर्गची गोष्ट जरूर सांग, खूश होतील.

प्रश्न: अमेरिकेत चर्चवाले सरकारशी भांडले, बंदी मानली नाही वगैरे वाचलं होतं. प्लेगच्या वेळी लूथर स्वतः काय वागला? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, 1527 च्या ऑगस्टमध्ये लूथरच्या गावी, जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येनाला हलवलं, आणि तिथला शासक योहाननं लूथरला सांगितलं की तूही जा. तो गेला नाही. बायको कॅथरिना गरोदर, घरात आजारी माणसं ठेवून घेतलेली, घर म्हणजे दवाखानाच. ब्रेस्लाउ शहराच्या पाळकांनी विचारलं होतं की प्लेगपासून पळावं का, त्यावर त्यानं लांब पत्र लिहिलं. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि लोक आपल्याला हवी ती एकच उचलतात. एक, ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे, पाळक असो की नोकर की शेजारी, त्यानं पळू नये. दुसरी, उगाच देवाची परीक्षा बघू नये, औषध घ्यावं, धुरी द्यावी, जिथं आपली गरज नाही तिथं जाऊ नये म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याला रोग लागणार नाही. आमच्या पाळकबाईंनी हा दुसरा भाग छापून कुलपाशेजारी दारावर लावला होता.

भांडणाबद्दल, हो, आमच्याच मिनेसोटात झालं. मे 2020 मध्ये दुकानं, मॉल निम्म्या क्षमतेनं उघडायला परवानगी आणि उपासनेला मात्र 10 माणसं. कॅथलिक बिशप आणि मिसूरी सिनडचे लुथरन, दोघांनी मिळून 20 मेला जाहीर केलं की आम्ही अटी पाळून उघडणार, परवानगी असो नसो. (लूथरपासून कॅथलिकांशी न जुळलेल्या मुद्द्यांची यादी एवढी मोठी आणि इथं त्यांच्याच खांद्याला खांदा, कोविडनं काय काय करवलं!) तीन दिवसांत गव्हर्नर वॉल्झ यांनी हॉलच्या क्षमतेच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 250 माणसं, अशी परवानगी दिली. मॉलचा मुद्दा मला पटला होता. पण आमच्या मंडळीनं परवानगी मिळूनही दार उघडलं नाही, आमच्यात सत्तरीपुढची माणसं फार. तेव्हा मला पाळकबाईंचा राग आला होता, आता येत नाही.

प्रश्न: गाणं का बंद केलं? मास्क लावून गायला काय हरकत? (वाचक, नाशिक)

वॉशिंग्टन राज्यात 10 मार्च 2020 ला एका गायक मंडळाची तालीम झाली, 61 जण आले होते. त्यातल्या 53 जणांना कोविड झाला, दोघं गेले. ते वाचल्यावर आमचा ऑर्गन वाजवणारा स्वतःच म्हणाला की नको. लुथरन लोकांना गाणं बंद म्हणजे आपल्या वारकऱ्याला टाळ बंद. पार्किंगमध्ये मात्र काचा वर करून गाडीत मोकळं गाता यायचं, फक्त शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, नुसतं तोंड उघडं दिसायचं, मत्स्यालयातल्या माशांसारखं.

प्रश्न: भारतात लुथरन आहेत का? (विद्यार्थिनी, लातूर)

आहेत की, आणि फार जुने. 1706 मध्ये झीगेनबाल्ग आणि प्लूट्शाउ हे दोघं जर्मन मिशनरी तमिळनाडूत तरंगमबाडीला उतरले तेव्हापासून. तमिळनाडू, आंध्र, झारखंडमध्ये रांचीकडे मोठ्या मंडळ्या आहेत. मराठी ख्रिस्ती लोकांत लुथरन फारसे नाहीत, माझं माहेर तर नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. माझी बहीण तिकडे 16 नोव्हेंबर 2020 ची, म्हणजे पाडव्याची वाट बघत होती, त्या दिवशी महाराष्ट्रात देवळं, मशिदी, चर्च सगळं एकदम उघडलं. मग एप्रिल 2021 मध्ये परत बंद आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला, परत सुरू. ती म्हणते आमच्या चर्चची कुलपं हिंदू पंचांगानं उघडली.

प्रश्न: आणि आता? पेला परत आला का? (तीच बहीण, नगर, दुसऱ्या पत्रात)

जुलैपासून आम्ही ते तयार डबीतले पेले मागवले, कॉफीच्या दुधाच्या डबीसारखे असतात, वरच्या पातळ झाकणाखाली गोल पापडी आणि खालच्या झाकणाखाली रस. साधा द्राक्षाचा रस, वाइन नाही, वाइनवाल्या डब्या बाजारात मिळेनात. दोन झाकणं अशी चिकटलेली की पापडीचं सोलायला जावं तर दोन्ही एकदम निघायची आणि रस मांडीवर. चाळीस गाड्यांमधून चर्रर्र असा आवाज. नोव्हेंबरात थंडीत हातमोजे घालून तर ते उघडेचनात, दातानं फाडायचे लोक.

आता आत बसतो, छोटे ग्लास परत आले, एकच मोठा पेलाही ज्याला हवा त्याच्यासाठी असतो पण त्या रांगेत पूर्वीपेक्षा निम्मी माणसं. त्या डब्यांचं एक खोकं मात्र तळघरात शिल्लक राहिलं होतं, तारीख कधीच उलटलेली. कचऱ्यात टाकायला कुणाचा हात होईना. आशीर्वाद दिलेल्या नव्हत्या, तरीसुद्धा. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघी बसलो, एकेक सोलून रस चर्चमागच्या गुलाबांना घातला, पापड्या चिमण्यांना, आणि झाकणं सोलता सोलता परत सगळ्यांच्या मांड्या जांभळ्या.