गिटारवर स्केल पाठ आहे, पण सोलो वाजवताना तेच ते येतं. सराव कसा करू?

स्केल वर-खाली पळवणं थोडे दिवस बाजूला ठेवा. बोटांना रस्ता माहीत झालाय, पण कान अजून मागे आहे.

ए मायनर पेंटॅटोनिक या स्केलचे सूर पाचच : ए, सी, डी, ई, जी. मोबाईलवर ए मायनर आणि जी हे दोन कॉर्ड प्रत्येकी चार मात्रा असे रेकॉर्ड करून सतत चालू ठेवा, वेग मिनिटाला ६० मात्रा. आता (सगळ्यात बारीक तारेकडून मोजून) तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटचा सी धरा आणि कॉर्ड बदलून जी आला की त्याच क्षणी सातव्या फ्रेटच्या डीवर जा. बस्स, एवढंच. सी हा ए मायनरमधला, डी हा जीमधला, त्यामुळे दोनच सुरांत वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. हे जमलं की मधे एखादा सूर घाला, आणि वाजवण्याआधी तो गुणगुणा. गुणगुणताना आपोआप श्वास घेतला जातो, म्हणून सोलोत मोकळी जागाही येते. मला हाच बदल सगळ्यात मोठा वाटला.

रोज २० मिनिटं पुरतात, पण रोज. अडखळलात तर वेग कमी करा.

आणि एकटे राहू नका! आठवड्यातून एकदा मित्राबरोबर बसा : चार बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) त्याचे, चार तुमचे, त्याच्या शेवटच्या सुरावरून तुमची सुरुवात. माझा मित्र एकदा मधेच थांबून म्हणाला, "आत्ताचं काय होतं? परत वाजव." त्याच्या त्या एका वाक्याच्या जोरावर मी महिनाभर सराव केला. तुम्हीही त्याला असंच नेमकं सांगा, कुठली जागा आवडली ते.