दूरच्या स्विचमध्ये बदल करताना संपर्क तुटला तर?

आपण विचारले आहे की, दुसऱ्या गावातील शाखेचा सिस्को कंपनीचा स्विच (संगणकांना नेटवर्कमध्ये जोडणारे उपकरण) येथूनच कॉन्फिगर करायचा, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज बदलायच्या असतील, तर ऐन कामात संपर्क तुटू नये म्हणून काय करावे. तो तुटणारच नाही, अशी हमी कोणालाही देता येत नाही. म्हणून तुटल्यास स्विच आपोआप पूर्वस्थितीला येईल, अशी तजवीज मी आधी करतो.

सिस्कोमध्ये आज्ञा दिल्याबरोबर चालू कॉन्फिगरेशन बदलते, साठवलेले मात्र आपण मुद्दाम सेव्ह करेपर्यंत जुनेच राहते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करावे, त्याची एक प्रत स्विचच्या बाहेर ठेवावी आणि ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा द्यावी. संपर्क गेलाच, तर १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुने कॉन्फिगरेशन उचलतो. सारे सुरळीत असल्यास ‘रीलोड कॅन्सल’ द्यावे आणि त्यानंतरच सेव्ह करावे. रीलोड होताना त्या स्विचवरचे सर्वजण काही मिनिटे खोळंबतात, त्यामुळे हे कामकाजाच्या वेळेत करू नये. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांतील ‘कमिट कन्फर्म्ड’ ही सोय मला याहून सरस वाटते, कारण तिच्यात मुदतीत दुजोरा न मिळाल्यास रीस्टार्टशिवायच मागचे कॉन्फिगरेशन परत लागू होते.

सर्वाधिक घात होतो तो ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅनची (एकाच उपकरणावरील वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची) वाहतूक एकत्र नेणाऱ्या पोर्टवर. तेथे आधीपासून १० आणि २० हे व्हीलॅन चालू असताना आपण ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असे लिहिले, तर ३० यादीत मिळवला जात नाही, तर सगळी यादीच पुसून एकटा ३० उरतो. मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे ज्यातून आपण स्विचवर लॉगिन करतो तो, १० असेल, तर तुमचे सेशन त्याच क्षणी संपते. ‘३०’च्या आधी ‘अ‍ॅड’ हा एकच शब्द हवा होता!

मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीने ८ जुलै २०२२ रोजी पहाटे राउटरवरील एक फिल्टर काढला. त्यामुळे कोअर, म्हणजे नेटवर्कच्या गाभ्यातील राउटरांवर मार्गांच्या माहितीचा लोंढा येऊन ते कोसळले आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा सुमारे २६ तास विस्कळीत झाली. कामाच्या आधीच्या टप्प्यांना यश आल्यामुळे या बदलाची जोखीम ‘कमी’ ठरवली गेली होती. त्याहून गंभीर बाब अशी की, उपकरणांपर्यंत पोहोचण्याचे मॅनेजमेंट नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून होते, त्यामुळे अभियंत्यांना बराच वेळ नेमके काय बिघडले हेच पाहता येईना.

आपल्या शाखेपुरता यावरचा उपाय फारसा महाग नाही: नेहमीच्या लाइनहून वेगळ्या कंपनीचे सिम असलेला ४जी राउटर आणि त्याला जोडलेला कन्सोल सर्व्हर (नेहमीचे नेटवर्क बंद असतानाही स्विचवर थेट लॉगिन करू देणारे उपकरण), ज्याची केबल स्विचच्या कन्सोल पोर्टला लावलेली असेल. मात्र त्या वाटेने लॉगिन होते का, हे बदलाच्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वीच तपासून घ्यावे.