कालवांच्या शेतीत पाणी तपासायला कोणतं मीटर घ्यावं?

मीटर कोणतंही घ्या, आधी ते पाण्यात किती खोल सोडणार ते ठरवा. तुम्ही विचारलंय, खाडीत तराफा टाकायचाय, कुठलं मीटर चांगलं आणि कालवं निरोगी आहेत हे कसं ओळखायचं. या प्रश्नावर आमच्या घरात दसऱ्याला जेवणं राहिली होती, म्हणून लिहितोय.

देवगड तालुक्यातल्या एका खाडीत आमचा बांबूचा तराफा होता. मोजमाप भावोजींकडे. लांब वायरचं डिजिटल मीटर, रोज वहीत क्षारता (खारेपणा, हजार भाग पाण्यात किती मीठ), तापमान, ऑक्सिजन, अक्षर मोत्यासारखं. त्या वर्षी परतीचा पाऊस आठवडाभर कोसळला. वहीत तरी क्षारता २४. आई तराफ्यावरून दोन कालवं घेऊन आली आणि ओटीवर एकमेकांवर आपटली. "जावयबापू, तुमचो आकडो रवांदे, ह्यां ऐका."

जिवंत कालव दगडासारखं वाजतं, मेलेलं पोकळ. उघडलं तर आत काळा चिखल आणि जेवणावरून उठवणारा वास. तराफ्याला टांगलेल्या कालवांच्या माळा वर ओढल्या, निम्मी कालवं मेलेली. भावोजी रोगावर अडून बसले. मी प्लास्टिकच्या बाटलीत माळांच्या खोलीवरचं, हातभर खालचं पाणी आणून रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं हातातलं साधन) थेंब टाकला: ४! गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. खारं तळाशी राहतं. भावोजी मीटर तळाला सोडत होते आणि आमची कालवं वर लटकत होती. कालव शिंपा मिटून काही दिवस काढतं, पण कायमचा श्वास कसा धरणार?

तेव्हा साधा रिफ्रॅक्टोमीटर पुरे, दरवेळी गोड्या पाण्यावर शून्य करून घ्या. भरती-ओहोटी दोन्हीला, माळेच्या खोलीवरच मोजा. आठवड्याला प्रत्येक माळेतली मेलेली मोजा, पाच-दहा फोडून मांस बघा. भरदार, सायीच्या रंगाचं हवं. पाणचट, आरपार दिसणारं दिसलं तर लगेच घाबरू नका, अंडी टाकून झाल्यावरही तसंच होतं. आणि खरंच रोगाचा संशय असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. पर्किन्सससारखा परजीवी भारतातल्या कालवांतही सापडलाय, तो वरून ओळखू येत नाही.

हो, एक राहिलं, आणि ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. कालव धडधाकट आहे म्हणजे खायला सुरक्षित आहे असं नाही. ते पाणी गाळून जगतं, वस्तीचं सांडपाणी खाडीत येत असेल तर त्यातले जंतूही पोटात साठवतं. युरोपात थेट खाण्यासाठी १०० ग्रॅम मांसात ई. कोलायची (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) मर्यादा २३० जंतू ठेवली आहे. तो आकडा प्रयोगशाळाच देईल, आईच्या कानाला तो ऐकू येत नाही. कच्ची विकायचा विचार असेल तर ती तपासणी सोडू नका. आम्ही शिजवूनच खातो.

भावोजी अजून रोगच म्हणतात. वही माझ्याकडे आहे, त्यात खोलीचा रकानाच नाही.