राजीनामा दिला, पण शेवटचा पगार अडकलाय

प्रश्न : ताई, मी नाशिकला एका खासगी लॉजिस्टिक्स कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्सला होते, ५ वर्षं ७ महिने. पगार सगळा मिळून २४ हजार, त्यात बेसिक-डीए १३ हजार. सासूबाईंच्या आजारपणामुळे जानेवारीअखेर नोकरी सोडली, महिन्याची नोटीस पूर्ण भरली, नवीन मुलीला सगळं काम समजावून दिलं. आता तीन महिने होत आले तरी जानेवारीचा पगार नाही आणि १८ सुट्ट्या शिल्लक होत्या त्याचेही पैसे नाहीत. फोन केला की फाइल सरांकडे सहीला आहे एवढंच ऐकायला मिळतं. मागच्या आठवड्यात बोलावून एक कागद पुढे केला, 'सर्व रक्कम मिळाली, आता काही येणे नाही', आधी सही करा मग आठ दिवसांत चेक देतो म्हणाले. वर लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघ आहे म्हणून १५ हजार कापणार. मी सही न करता परत आले पण आता रात्री झोप लागत नाही, पैसेच बुडाले तर? सही करून टाकू का?

उत्तर : नाही, अजिबात करू नका, आणि न करता उठून आलात हे फार चांगलं केलंत.

मी स्वतः बरीच वर्षं पेरोलच्या टेबलावर काढली आहेत त्यामुळे तो कागद मला चांगला माहितीये. छापील व्हाउचर असतं, रकमेची जागा कधीकधी कोरीच, खाली कोपऱ्यात रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला आणि पेन त्याच्यावर आडवं ठेवलेलं. एक गोडाऊनचे काका मला अजून आठवतात, त्यांनी चष्मा नव्हता म्हणून न वाचताच सही केली आणि नंतर चार महिने त्याच व्हाउचरची झेरॉक्स दाखवून त्यांना दारातून परत पाठवलं जात होतं. तेव्हा मी गप्प बसले होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे इतकं जोर देऊन लिहितेय.

त्या सहीसाठी एवढा आग्रह का असतो ते समजून घ्या. केंद्राचे नवे लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यातल्या वेतन संहितेत स्पष्ट लिहिलंय की पगार मिळाला नाही अशी तक्रार झाली तर पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुम्हाला 'मिळाले नाहीत' हे सिद्ध करत बसायचं नाहीये. आता त्यांच्याकडे बँकेची एंट्री नाही, कारण पैसे दिलेलेच नाहीत, मग उरतो तो फक्त तुमच्या सहीचा कागद! तो हातात गेला की तुमची बाजू लंगडी पडली. पैसे खात्यात दिसल्यावर बिनधास्त सही द्या, आणि तेव्हासुद्धा किती रक्कम, कशाकशाची, हे स्वतःच्या अक्षरात वर लिहूनच.

आणि मुदत म्हणाल तर त्याच संहितेत राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असं आहे. कंपन्या तीस-पंचेचाळीस दिवसांची स्वतःची पद्धत सांगतात, लोकही तीच धरून चालतात, पण तुमचे तर तीन महिने झालेत, म्हणजे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आता तुम्ही पत्रात जे विचारलंच नाही त्याबद्दल. ग्रॅच्युइटी, म्हणजे बरीच वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम! तुमची पाच वर्षं पूर्ण झालीत, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ती द्यावीच लागते आणि तुमच्या ऑफिसात तीसेक जण आहेत असं तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक-डीए भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. १३ हजार भागिले २६ म्हणजे ५००, त्याचे १५ दिवसांचे ७,५००, आणि सहा महिन्यांच्या वर झालेलं वर्ष पूर्ण धरतात त्यामुळे तुमची ५ वर्षं ७ महिने म्हणजे ६ वर्षं. झाले ४५ हजार. अडकलेल्या पगाराच्या जवळपास दुप्पट रक्कम आणि कोणी तुम्हाला बोललंसुद्धा नाही, आणि 'काही येणे नाही' वर सही केली असती तर उद्या हीसुद्धा मागायला गेल्यावर तोच कागद तोंडासमोर धरला असता. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट.

लॅपटॉपचं. नुकसान झालं म्हणून कापायचं असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही. शिवाय सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत, २४ हजारांचे निम्मे १२ हजार, मग १५ हजार कुठून आले? दुरुस्तीचं बिल मागा. लॅपटॉप परत करताना स्टोअरवाल्याची पोच घेतली असेल तर ती शोधून ठेवा, नसेल तर ज्या दिवशी दिला त्या दिवशीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज बघा.

सुट्ट्यांचा हिशोब कंपनीच्या नियमांत किंवा अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात भरपगारी सुट्ट्या ४५ दिवसांपर्यंत साठवता येतात, तुमच्या १८ आरामात बसतात. शेवटच्या स्लिपवर सुट्ट्यांचं बॅलन्स छापलेलं असेल तर उत्तम.

स्लिपवरून आठवलं, तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोफेशनल टॅक्स २०० कापलेला दिसतोय. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. फेब्रुवारीचे ३०० धरून वर्षाला अडीच हजार होतात, तेव्हा हेही विचारा.

आता करायचं काय, तर फोन बंद, सगळं लेखी. आज रात्री आपल्या स्वतःच्या ईमेलवरून एचआर आणि मालक दोघांना मेल टाका, भाषा साधी ठेवा, चिडायचं नाही. असं लिहा : "मी अमुक तारखेला राजीनामा दिला, अमुक तारखेला कामावरून मोकळी झाले. माझा जानेवारीचा पगार, १८ दिवसांच्या रजेचे पैसे आणि ६ वर्षांची ग्रॅच्युइटी ४५,००० रुपये अजून मिळालेले नाहीत. सात दिवसांत खात्यात जमा करावेत व हिशोबाचा कागद पाठवावा. रक्कम जमा झाल्यावर मी पोचपावती देईन." शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा. हेच प्रिंट काढून स्पीड पोस्टने पण पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सात दिवसांत काही हललं नाही तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या, सोबत अपॉइंटमेंट लेटर, स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि हा मेल. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करावा लागतो, तिथेच विचारा. पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे त्यामुळे पैसे बुडतील ही भीती मनातून काढा, पण म्हणून वर्षभर वाटही बघू नका, ऑफिसं हलतात, मॅनेजर बदलतात. दावा मान्य झाला तर अधिकारी मूळ रकमेशिवाय भरपाईपण लावू शकतात, बऱ्याच मालकांना हे माहीत असतं म्हणून नोटीस पोहोचली की फाइलवर लगेच सही होते असा माझा अनुभव आहे.

वकिलाच्या खर्चाचं टेन्शन असेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे फारच कमी जणींना माहितीये.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात सपोर्टला होतो. दोन महिन्यांची नोटीस होती पण मी २० दिवसच भरले, नवीन कंपनी थांबायला तयार नव्हती. आता जुनी कंपनी पगारही देत नाही आणि रिलीव्हिंग लेटरही नाही.

उत्तर : तुमची बाजू पूर्ण स्वच्छ नाहीये हे आधी मान्य करूया, करारात नोटीस दोन महिन्यांची होती. न भरलेल्या ४० दिवसांचे पैसे ते मागू शकतात, पण किती आणि बेसिकवर की पूर्ण पगारावर हे ऑफर लेटरमध्ये लिहिलंय तेवढंच. म्हणून आधी लेखी हिशोब मागा. तुमचा थकलेला पगार आणि रजा एका बाजूला, नोटीसचे पैसे दुसऱ्या बाजूला. जो फरक निघेल तो तुमच्याकडून जात असेल तर भरा आणि त्याच दिवशी लेटर मागा, नवीन कंपनीच्या एचआरलाही एकदा विचारा, काहीजण हा फरक स्वतः देतात. केलेल्या दिवसांचा हिशोबच द्यायचा नाही असं मात्र त्यांना करता येणार नाही, तिथे वर सांगितलेलाच रस्ता.

प्रश्न : कंपनीने पीएफला माझी सोडल्याची तारीखच टाकली नाही, क्लेम अडकलाय.

उत्तर : शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की यूएएनच्या (तुमच्या पीएफ नंबरच्या) पोर्टलवर ती तारीख तुम्हाला स्वतःला टाकता येते, आधार लिंक हवं. टाकताना शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातलीच तारीख निवडा. आणि दुसरी नोकरी लागली असेल तर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षं मोजताना ही जुनी वर्षं धरली जातात.

पासबुकमध्ये सगळे महिने आलेत का तेही त्याच वेळी बघून घ्या, पगारातून कापले आणि भरलेच नाहीत असा एखादा महिना सापडला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर त्या महिन्याची स्लिप जोडून टाका.