खुराड्याला जाळी आहे, तरी कोंबड्या जातात

प्रश्न : काकू, पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच दहा गावठी कोंबड्या पाळल्या. पंधरा दिवसांत तीन गेल्या. दोन रात्री खुराड्यातच मान तुटून पडलेल्या, एक भरदुपारी गायब. खुराड्याला षटकोनी जाळी आहे. चोर कोण?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : चोर दोन आहेत. दुपारचं काम मुंगसाचं. ते दिवसा फिरतं आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीतून येतं. रात्रीचं उदमांजर किंवा रानमांजर. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, ती जाळीला टेकून बसते. बाहेरून पंजा आत आला की मान गेलीच. माझीही पहिली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अशीच गेली. सकाळी जाळीला चार पिसं आणि आत धड.

तुमची जाळी कोंबडी आत ठेवते, जनावर बाहेर नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या कडक तारेची जाळी, आणा. खाली फूटभर जाळी बाहेरच्या अंगाला वळवून मातीत पुरा, वर चार चिरे ठेवा. उकरणारं जनावर तिथंच अडतं. बसायची काठी मधोमध, जाळीपासून हातभर लांब. नुसती कडी उदमांजर उचकटतं, म्हणून खिट्टी घाला. दिवे लागायच्या आधी मोजून आत घ्या. मी अजूनही मोठ्यानं मोजते, घरचे हसतात!

पिल्लं असतील तर घारीपासून वाचवायला डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, ठेवा.

विष किंवा फासकी मात्र नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, आणि विष आधी तुमचाच कुत्रा खाईल.