सूर्यमालेचं खऱ्या प्रमाणातलं मॉडेल मुलांसाठी घरात करता येईल का?

घरात नाही जमणार, पण चर्चगेट-विरार लोकल हे तयार मॉडेल आहे. सूर्य ते नेपच्यून अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण ३० पट, आणि चर्चगेट ते विरार सुमारे ६० किमी. म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर २ किमी धरायचं, की हिशेब असा लागतो:

- सूर्य: चर्चगेटला, साधारण १८-१९ मीटर व्यासाचा, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा
- पृथ्वी: चर्नी रोडजवळ, १७ सेंमीचं शहाळं; चंद्र तिच्यापासून ५ मीटरवर, लिंबाएवढा
- गुरू: दादरला, उंच माणसाएवढा
- शनी: पार्ल्याच्या आसपास
- युरेनस: दहिसर आणि मीरा रोडच्या मध्ये
- नेपच्यून: विरारला

बुध, शुक्र, मंगळ हे तिघेही ग्रँट रोड यायच्या आतच संपतात. दादरनंतर मात्र स्टेशनांमागून स्टेशनं जातात आणि ग्रह येत नाही. मुलांना खरी गंमत तिथेच कळते. याच प्रमाणात प्रकाशाला चर्नी रोड गाठायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, म्हणजे तो सायकलच्या वेगाने चाललाय! आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? सव्वापाच लाख किमीहून जास्त, म्हणजे खऱ्या चंद्राच्याही पलीकडे.

हे आकडे ग्रहांच्या सरासरी अंतरांवरून काढलेले आहेत. ग्रह असे एका रुळावर रांगेत उभे नसतात, त्यामुळे प्रत्येक स्टेशन म्हणजे चर्चगेटभोवतीचं एक वर्तुळ समजा.