वाचक विचारतात : शेती वाढली म्हणतात, मग सोयाबीन पडून का?

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : सर, पेपरात वाचलं की 2024-25 ला शेती क्षेत्र 4.6 टक्क्यांनी वाढलं. गावी फोन केला की वडील म्हणतात यंदा हातात काही उरलं नाही. खरं कोण बोलतंय?

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. तो 4.6 चा आकडा भावातली चढउतार बाजूला काढून मोजतात, म्हणजे माल किती निघाला ते कळतं, काय भावाने गेला ते नाही कळत. पाऊस बरा, पीक दाबून आणि भाव पडलेला असं झालं की आकडा वर जातो आणि वडील आडत्याकडून उचल घेतात. दुसरं म्हणजे त्यात दूध, अंडी, मटण, मासे सगळंच धरलेलं असतं. पशुधनाचा एकट्याचा वाटा आता 30 टक्क्यांच्या आसपास गेलाय आणि तो पिकांपेक्षा जोरात वाढतोय. नुसती कोरडवाहू असणाऱ्याने तो आकडा आपला समजूच नये.

प्रश्न (औसा, जि. लातूर) : दादा, सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 आणि मोंढ्यात 4200 च्या वर कोणी बोलत नाही. त्यात सप्टेंबरच्या पावसाने मालाला डाग लागलाय. आम्ही 2021 ला 10 हजार बघितलेत. थांबू का विकू? पुढच्या साली सरळ मका करू का?

उत्तर : 2021 आधी डोक्यातून काढा. तेव्हा जगभर भाव चढलेले, आणि तेव्हासुद्धा पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली तर सरकारने 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या बियाण्याच्या) सोयापेंड आयातीला परवानगी दिली. हे लक्षात ठेवा, कारण तुमचं खरं गिऱ्हाईक कोंबडी आहे. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 किलो, बाकी बहुतेक सगळी पेंड, आणि ती कोंबडीच्या खाद्यात जाते. तेलाचं म्हणाल तर आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरूनच आणतो आणि 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी 20 वरून 10 टक्क्यांवर आणली, शहरातल्या माणसाला तेल महाग पडू नये म्हणून. तिथे तुमचा आधार गेला.

राहिली पेंड, तर तिची गोष्ट अजून वेगळी आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल घालायचं ठरलं, त्यासाठी मका मोठ्या प्रमाणावर डिस्टिलरीला जायला लागला, आणि इथेनॉल काढून जो चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात, त्यात प्रोटीन चांगलं असतं आणि तो सोयापेंडेपेक्षा बराच स्वस्त पडतो, मग खाद्य बनवणारा सोयापेंड कमी करून तो मिसळतो. निर्यात करावी तर ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त. म्हणजे शेजाऱ्याच्या मक्याने तुमचं सोयाबीन खाली ओढलंय असं म्हटलं तरी चालेल. ही एका हंगामाची मंदी नाहीये, त्यामुळे थांबलात तर चारदोनशेसाठी थांबाल, दुप्पट भावासाठी नाही.

डागी माल धरून ठेवू नका, तो आधी काढा, पडून अजून खराब होतो. चांगला माल वेगळा चाळून, वाळवून ठेवा, सरकारी खरेदीला 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही आणि तिथेच बरेच लोक परत येतात. पैशाची नड असेल तर बाजार समितीत तारण कर्जाची (माल गोदामात ठेवून त्यावर मिळणाऱ्या कर्जाची) चौकशी करा, मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. सगळ्या समित्या ही योजना मनापासून राबवत नाहीत, तेव्हा मागे लागावं लागेल.

मका म्हणाल तर सगळं रान मक्याखाली घालू नका. इथेनॉलच्या आशेने 2025 ला पेरा इतका वाढला की काढणीला बऱ्याच ठिकाणी 2400 चा हमीभावसुद्धा मिळाला नाही. तूर सोबत ठेवा.

प्रश्न (संगमनेर तालुका) : काका, माझं वय 26, नोकरी नाही. बँकेचं लोन काढून 10 एचएफ (होल्स्टीन जातीच्या, जास्त दूध देणाऱ्या) गाई घ्यायच्या आहेत. दुधाला पुढे मागणी आहेच ना?

उत्तर : मागणी आहेच रे. देशात वर्षाला 24 कोटी टनांच्या वर दूध होतं, जगात पहिला नंबर, आणि खप वाढतोय. पण तू देशाला दूध घालणार नाहीस, गावच्या संकलन केंद्रावर घालणार, आणि आपल्या राज्यात बहुतेक दूध खासगी डेअऱ्यांकडे जातं. जादाच्या दुधाची पावडर होते, ती पावडर पडली की तुझा रेट पडतो. 2024 ला गायीचं दूध 25-27 वर आलं होतं, सरकारला आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान द्यावं लागलं. अनुदान वेळेवर खात्यात येईल हे धरून हप्ता बांधायचा नसतो.

तुझ्या बाजूने एक गोष्ट आहे. दुधाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त खर्च चाऱ्या-खाद्याचा, आणि वर ज्या स्वस्त पेंडेने औशाच्या दादांचं नुकसान झालं तीच तुला फायद्याची आहे. फक्त डीडीजीएस बुरशी लागलेलं घेऊ नको, दूध आणि गाय दोन्ही जातील.

जे कोणी सांगत नाही ते म्हणजे भाकड गायीचं आणि गोऱ्ह्याचं काय करणार? राज्याच्या 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल-गोऱ्हेसुद्धा विकायला अवघड झालेत, म्हणजे दूध न देणारं जनावर तुझ्याच दावणीला खाणार. त्यामुळे 10 नको, 3 गाईंनी सुरुवात कर, मुक्त गोठा (जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा) कर, पत्र्याचा महाल नको. स्वतःच्या मक्याचा मुरघास (हवाबंद करून मुरवलेला चारा) घाल आणि लिंगवर्गीकृत रेतमात्रा (ज्याने बहुतेक कालवडीच होतात) वापरून कालवडी घरातच वाढव. बँकेत जायच्या आधी लिटरला 26 रुपये धरून हिशोब मांड, तरी हप्ता निघत असेल तर खुशाल जा. 35 धरल्यावरच निघत असेल तर अजून वर्षभर थांब.